गडग्यावरची गप्प दुपार

माझा आवाज मोठा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. अर्ध्या रत्नागिरीने तो ऐकलेला आहे. पावसकडच्या आंब्याच्या बागांतून पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरण्यात माझी हयात गेली. चालू पंपाशेजारी उभं राहून बागेच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि मग ती सवय घरापर्यंत येते. मी जेवताना मीठ मागितलं की बायको म्हणते, थांबा, शेजारी घेऊन येतीलच.

या आवाजाची कदर झाली ती फक्त आमच्या फुटबॉलच्या मैदानावर. गावाच्या वरच्या अंगाला कातळाचा उघडा सडा आहे, तिथे आमच्या क्लबचं मैदान. कातळावर मैदान म्हणजे आधी मातीच हवी. ती आमच्या आज्या-पणज्यांनी खालच्या शेतांतून डोक्यावर वाहून आणली, पसरली आणि चोपून बसवली. चारी बाजूंनी जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा घातला. त्या गडग्यावर बसून मी तीस वर्षं आरडाओरडा केला आहे. पंचांना मी जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरच्या संघाचे गोलकीपर मला ओळखतात आणि सामना संपल्यावर हात जोडतात.

मैदानाच्या एका कोपऱ्यात सातविणीचं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी एक शेंदूर लावलेला दगड. तो राखणदार. पावसाळा सरून मैदान वाळलं की पहिल्या सामन्याआधी तिथे नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, अशी रीत आहे. क्लबच्या अध्यक्षाने हातात नारळ धरून पुढे उभं राहायचं. सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं काम गावातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाचं. आयुष्यभर मासेमारीच्या मचव्यावर माणसं सांभाळलेला तो माणूस. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा एकेक मागणं मागतात आणि प्रत्येक मागण्यावर सगळे मिळून म्हणतात, व्हय म्हाराजा. मोहल्ल्यातला आमचा गोलकीपरसुद्धा तेवढा वेळ मागे हात बांधून शांत उभा राहतो.

आता अध्यक्षांबद्दल. मी त्यांना कितीही शिव्या घातल्या असल्या तरी खरं ते सांगतो. एके काळी आमच्या संघात त्यांच्यासारखा हाफबॅक नव्हता. अध्यक्ष झाल्यावर सुरुवातीची वर्षं त्यांनी जीव तोडून काम केलं. गोलाला जाळ्या आल्या, कपडे बदलायला खोली झाली. मग हळूहळू माणूस खुर्चीत घट्ट बसला. सभासदांची वार्षिक सभा आधी लांबली, मग बंदच झाली. विचारलं की म्हणायचे, बघू. असं बघता बघता सात वर्षं गेली.

आणि त्या वर्षी गणपती झाल्यावर कळलं की अध्यक्षांनी परस्पर ठरवलं आहे, मैदान जाणार. अर्ध्या जागेत जाळीच्या पिंजऱ्यातला कृत्रिम गवताचा टर्फ आणि अर्ध्यात गाड्या लावायची सोय. एवढा हंगाम खेळा, पुढच्या वर्षापासून क्लबने दुसरी जागा बघावी. मैदान क्लबच्या मालकीचं, म्हणजे सभासदांना विचारल्याशिवाय त्यातला दगडसुद्धा हलवता येत नाही. पण विचारायचं तर सभा हवी, आणि सभा बोलवायचा अधिकार अध्यक्षांचा. आम्ही पत्रं दिली. त्यांना उत्तर आलं नाही. मैदान जाणारच म्हणून त्या वर्षी पावसाने वाहून गेलेली मातीही कुणी भरली नाही. गोलापुढे कातळ वर आला होता, गुडघे फोडायला तयार.

आबांच्या घरापुढच्या खळ्यात एका संध्याकाळी आम्ही जमलो. मी तावातावाने तीन उपाय सांगितले. पहिला, अध्यक्षांना कपडे बदलायच्या खोलीत कोंडायचं. दुसरा, पहिल्या सामन्याला मैदानात आडवं पडायचं. तिसरा मी पूर्ण सांगायच्या आतच आबांनी हात वर केला. तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल वाजले. क्लबच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला होता: पहिल्या सामन्याला कुणी घोषणा दिल्या किंवा गोंधळ घातला, तर सामना रद्द होईल आणि मैदानाला त्याच दिवशी कुलूप लागेल.

निरोप वाचून झाला आणि खळ्यातल्या एकूण एक माणसाने माझ्याकडे पाहिलं.

मला फार लागलं ते. कुणी तरी चाचरत म्हणालं की तुम्ही त्या दिवशी घरी थांबलात तर बरं. त्यांचं चूक नव्हतं. अध्यक्षांना निमित्त हवं होतं आणि गावातलं सगळ्यात मोठं निमित्त माझ्या तोंडात होतं. माझ्या एका आरोळीने मैदान जाऊ शकत होतं. मी उठून चपला घालायला लागलो, तेव्हा आबा बोलले.

"तू येयाचा. माज्या बाजूला उभा ऱ्हायाचा, गाऱ्हाण्याचा तांब्या धरून. तांब्यातला पाणी सांडला नाय पायजे, येवडाच तुजा काम."

पुढे काय करायचं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. येताना प्रत्येकाने माती आणायची, आणि गाऱ्हाणं सोडून, सभेची तारीख लागेपर्यंत मैदानावर कुणी तोंड उघडायचं नाही, गोल झाला तरी. मला वाटलं, हे होणे नाही. आमच्याकडे सरणाशीसुद्धा लाकडं कशी रचावीत यावर दोन तट पडतात.

सामन्याच्या दुपारी मी लवकर गेलो. अध्यक्ष मांडवात खुर्चीवर बसले होते, हातात माईक होता. फाटकाशी दोन पोलीस होते, कंटाळलेले. मी सातविणीखाली तांब्या घेऊन उभा राहिलो आणि सड्यावर येणाऱ्या वाटेकडे पाहत राहिलो.

आधी एक बाई दिसली, डोक्यावर घमेलं. मग तिच्या मागे चौघं, मग एकदम वीस-पंचवीस. वळणावरून माणसं येतच राहिली. मासळी बाजारातल्या बायका आल्या, बँकेतले लोक शर्टाच्या बाह्या दुमडून आले, मुंबईला नोकरीला असलेले रजा काढून आले. कुणाकडे घमेलं, कुणाकडे बादली, एका मास्तरांकडे भाजीची पिशवी, सगळ्यांत तांबडी माती. तीन-चारशे माणसं असतील. सडा उघडा असल्यामुळे तिथे दुरून कुत्रं भुंकलं तरी ऐकू येतं. त्या दिवशी मला फक्त पावलं ऐकू येत होती.

फाटकाशी पोलिसांनी मातीत हात घालून पाहिलं. माती आणायला बंदी असल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. माणसं ओळीने आत आली, गोलापुढच्या उघड्या कातळावर एकेकाने आपली माती ओतली आणि गडग्यापाशी जाऊन बसली. चौघांनी लाकडी चोपणी आणली होती. त्यांनी पाणी शिंपडून माती चोपायला घेतली. धप, धप, एवढाच आवाज. अध्यक्षांनी माईक तोंडाशी नेला, पण काय बोलणार? कुणी घोषणा देत नव्हतं. मैदान दुरुस्त करू नका असं काही माईकवरून सांगता येत नाही. त्यांनी माईक मांडीवर ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ गर्दी पाहिली आहे आणि बहुतेक वेळा गर्दीतला सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. ही माणसं मी रोज पाहतो, त्यांच्याशी रोज भांडतो. त्यांच्यात एवढं बळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला त्यांची थोडी भीतीही वाटली, देवळात वाटते तशी.

मग गाऱ्हाण्याची वेळ झाली. रीतीप्रमाणे अध्यक्ष नारळ घेऊन पुढे आले. त्यांना यावंच लागलं. पायातले बूट काढून ते राखणदारासमोर उभे राहिले, डोळे मिटले. त्यांच्या एका बाजूला आबा आणि आबांच्या बाजूला तांब्या धरून मी. मागे सगळी माणसं. आमच्याकडे माणूस पंचाला आडवा जाईल, सरकारलाही जाईल, पण चालू गाऱ्हाणं मध्येच तोडणार नाही. आणि त्या दगडासमोर एकदा व्हय म्हटलं की ते मागे घेता येत नाही. हे लहानपणापासून हाडात बसलेलं आहे, अध्यक्षांच्याही.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, आज तुजी लेकरा तुज्या पायाशी जमली हायत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला. दुपारभर गप्प असलेल्या तीन-चारशे गळ्यांतला तो पहिला आवाज. झाडावरचे कावळे उडाले.

आबांनी नेहमीची मागणी मागितली. पोरांचे हातपाय धड ठेव. बाहेरून आलेला संघ सुखाने घरी जाऊ दे. प्रत्येक मागण्यावर सगळ्यांचं व्हय म्हाराजा, आणि त्यात माझ्या जवळच अध्यक्षांचा भारदस्त आवाज. मला वाटलं, आता आबा त्यांना धरणार. देवासमोर त्यांची सगळी लक्तरं निघणार.

आबांचा आवाज चढला नाही. "हो जो नारळ धरून तुज्यासमोर उभा हाय, तो पन तुजाच लेकरू हाय म्हाराजा. ह्याच मातीत त्याचा गुडघा फुटला, ह्याच मातीत आमी त्याला खांद्यावर घेतला. त्याला आमच्यातना तोडू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी अध्यक्षांचा आवाज घोगरा होता. मी हळूच पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"मैदान सगळ्यांचा हाय. त्याचा काय करायचा ता सगळ्यांनी बसून ठरवायचा हाय. सात वर्षा ऱ्हायलेली सभा ह्याच महिन्यात ह्याच्याच हातना होऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांबरोबर, त्याच सुरात, त्याच ओघात, अध्यक्षही म्हणाले. स्पष्ट. मी दोन हातांवर होतो.

त्यांनी डोळे उघडले. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही, मागच्या गर्दीकडेही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आता ओरडणार याची त्यांना खात्री होती, आणि मला तर जन्मात कधी आली नव्हती एवढी ओरडायची हुक्की आली होती. ऐकलंत का रे, असं म्हणून सगळा सडा दणाणून सोडावा असं वाटत होतं. आणि मला दिसत होतं की ती आरोळी त्यांना हवी आहे. मी ओरडलो असतो तर झाला असता गोंधळ, लागलं असतं कुलूप, आणि ते व्हय त्यात वाहून गेलं असतं.

मी तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिलो. पाणी थरथरत होतं. मागे कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही.

बऱ्याच वेळाने अध्यक्षांनी वाकून नारळ दगडावर फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा राखणदारापुढे ठेवला आणि दुसरा माझ्या हातावर. मग बूट हातात घेऊन ते मांडवाकडे गेले.

सभा झाली. हात वर झाले आणि मैदान राहिलं. अध्यक्षांनी खुर्ची आपण होऊन सोडली. आता ते गडग्यावर माझ्यापासून थोड्या अंतरावर बसतात आणि पंचांबद्दल आमचं सहसा एकमत असतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सामना सुरू झाला आणि पहिला अर्धा भाग तसाच गेला. आमच्या पोरांनी एक गोल केला तरी गडगा गप्प. पोरं बिचारी इकडेतिकडे बघत राहिली. मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर एक कागद लागला. सभेची तारीख, वेळ, खाली सही. अक्षर अध्यक्षांचंच होतं.

आबा तो कागद वाचून सावकाश परत आले, माझ्या शेजारी गडग्यावर बसले आणि माझ्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला. मी तो अजून धरूनच होतो.

"आता वरड," ते म्हणाले.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला आणि चारी बाजूंचा गडगा एकदम उसळला. बायका ओरडत होत्या, मास्तर रिकामी पिशवी गरगर फिरवत होते, मोहल्ल्यातली मंडळी गडग्यावर उभी राहून नाचत होती. मी उठलो, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. पण गळा दाटून आला होता, आवाज फुटेना. तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्या अख्ख्या मैदानावर मी एकटा गप्प होतो.