बोलू विभाग

विद्यापीठाच्या तळघरातल्या दप्तरखान्यात मामा एकतीस वर्षं राबले. सख्खे भाचे दोनच, पण अख्खं विद्यापीठ त्यांना मामाच म्हणायचं. अठरा कपाटं, आणि कुठली फाइल कुठे आहे हे त्यांच्या बोटांना पाठ.

कुलगुरू नवे होते तेव्हाची गोष्ट. वर गेलेली प्रत्येक फाइल हिरव्या शाईत एकच शब्द घेऊन खाली यायची: ‘बोलू’. मामांना वाटलं, नवा विभाग निघालाय. नव्या साहेबाला काहीतरी नवं काढायची हौस असतेच. त्यांनी एक कपाट रिकामं केलं, ‘बोलू विभाग’ अशी ठसठशीत चिठ्ठी डकवली आणि तीन आठवड्यांच्या फायली त्यात कोंबल्या. शेवटी कुलगुरूच शोधत खाली आले. चिठ्ठी वाचून हसता हसता स्टुलावर बसले.

“अहो मामा, ‘आपण समोरासमोर बोलू’ असं म्हणायचं होतं मला.”

चिठ्ठी मात्र त्यांनी काढू दिली नाही.

आणि ते खरंच बोलायचे. नापास झालेली पोरगी असो की भांडखोर प्राध्यापक, समोर बसवून ऐकून घ्यायचे, मगच सही. या नादात पाच वर्षांत एकही इमारत उभी राहिली नाही, आणि त्यांच्या निरोपाचं भाषण लिहिताना कुलसचिवांचं पान अर्ध्यावरच अडलं. विटा मोजत बसणाऱ्याचं असंच व्हायचं.

मामांचा जीव मात्र स्वतःच्या फायलीपायी टांगणीला लागला होता. नजर अधू झाली म्हणून त्यांना निवृत्तीपर्यंतचे उरलेले आठ महिने फाटकावर बसवावं, असा कुलसचिवांचा प्रस्ताव. त्यावर ‘बोलू’ येऊन सहा महिने झाले, आणि साहेब काही बोलले नाहीत.

“विसरले तुमचे साहेब तुम्हाला,” बायको म्हणाली.

“ते विसरणारे नाहीत,” मामा म्हणाले.

कार्यकाळाच्या शेवटच्या दिवशी भाषणं आटोपून कुलगुरू जिना उतरून आले आणि त्याच स्टुलावर बसले.

“मामा, बोलायचं राहिलंय आपलं.”

“मला वाटलं, विसरलात.”

“मुद्दामच थांबलो. बोलणं होईपर्यंत त्या फायलीला कुणी हात लावणार नव्हतं. पण उद्यापासून नवे साहेब. सांगा, काय हवंय?”

एरवी मामांच्या तोंडाला कुलूप नसायचं, आज मात्र “इथंच राहू द्या,” एवढंच म्हणाले.

“माझ्या नेमणुकीची फाइल काढा बघू.”

मामांनी कपाटाकडे पाहिलंही नाही. हात आत घातला, दोन बोटं फिरवली आणि फाइल पुढे केली. कुलगुरूंनी मान डोलावली, पेन काढलं आणि मामांच्या फायलीवर काहीतरी लिहिलं. मामांनी ती नाकाशी धरली, लांब धरली. हिरव्या रेघेपलीकडे काही दिसेना.

“काय लिहिलंत, साहेब?”

कुलगुरूंनी वाचून दाखवलं, “‘बोललो. आहेत तिथेच राहू द्यावे.’ कुलसचिवांना मी सांगतो, ही नीट ठेवा.”

मामांनी बाहीने डोळे पुसले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच फाइल भलत्याच कपाटात ठेवली. ते पाणी प्यायला वळल्यावर कुलगुरूंनी ती गुपचूप उचलली आणि ‘बोलू विभागा’त सरकवली.