काकींचं उष्टं

आमच्या रेवदंड्यात शेजारच्या काकींइतकं उष्ट्याला भिणारं माणूस नसेल. पाणी पितील ते तांब्या उंच धरून. कोणी ओठ लावलेला कप घासल्यावरही पुन्हा कढत पाण्याने विसळतील. मुलाने साखर तपासायचं मशीन पाठवल्यापासून, मासळी वाळत घालून झाली की त्या ओटीवर बसतात आणि आळीतल्या बायका बोटं पुढे करतात. "जिभेला आवर गो बाय," असं दटावत त्या टोचतात. नाही कोणालाच म्हणत नाहीत.

काल तिघीचौघींनंतर मीही बोट दिलं. काकींनी मशीनला नवी पट्टी लावली, पण टोचायच्या सुईचं पेन उघडलंच नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रक्ताचा थेंब वर आला होता.

"काकी, सुई बदललीत ना?"

"कशाला? चांगली टोचतेय की अजून."

"अहो, सगळ्यांचं रक्त लागलंय तिला!"

 लहान पोरीला समजवावं तशा काकी म्हणाल्या, "तोंड लावलंय का गो कोनी तिला? रगत कवा उष्टं व्हतं का?"

आणि माझी खात्री पटावी म्हणून त्यांनी तीच सुई स्वतःच्या बोटाला टोचून घेतली.