चवथीआधीचं आंगण

पेडण्याजवळच्या एका वाड्यावर शेवंतीचं मातीचं घर होतं. भिंती तिच्या सासऱ्याने घातलेल्या, जमीन मात्र भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. गोव्यात अशा रहिवाशाला मुंडकार म्हणतात. सातार्ड्याहून लग्न होऊन ती आली, तेव्हाच सासूने सांगून ठेवलं होतं की चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी भाटकाराचं आंगण आपण सारवायचं. चुलीतली राख कुठे टाकायची हे सांगावं, तितक्याच सहज. त्याबद्दल कधी जेवण मिळे, कधी जुनं लुगडं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी तिच्या मुलाने, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या शिवदासाने, घर आणि घराखालची जमीन विकत घेण्यासाठी मामलेदाराकडे अर्ज घातला. कायदा केव्हाचाच होता, धीर नव्हता. वकिलाने बजावलं होतं, हा हक्क मुंडकाराला आहे, भाटकाराच्या पगारी चाकराला नाही.

पाहणीचा दिवस नेमका चवथीच्या तोंडावर आला. शिवदास मामलेदाराच्या कारकुनाला आणायला गेला आणि इकडे भाटकारणीचा निरोप आला, आंगण सारवायला ये. जावं तर कारकुनासमोर चाकरीण ठरणार. न जावं तर काय होतं, ते तिला ठाऊकच नव्हतं. न गेलेलं कुणी तिने पाहिलंच नव्हतं. शेणाची पाटी उचलून तिने पुन्हा खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

कारकून आला तशी मागोमाग भाटकारीण कुसुमबाय स्वतःच आली.

"भाटकारीण जालीस काय गो शेवंती?" ती हसत म्हणाली. मग कारकुनाकडे वळली. "आमच्या घरची चाकरीण ही. विचारा तिकाच."

कारकुनाने विचारलं. गणपती दारात आलेला, खोटं कसं बोलायचं?

"सारयलां सायबा, दरवर्सा."

शिवदासाने डोळे मिटले.

"पण पगार कधी दिलो, तां बायक विचारा," शेवंती पुढे म्हणाली.

कुंपणाशी शेजारणी जमल्या होत्या. त्यांच्यादेखत पगार दिला म्हणायला कुसुमबायला तोंड नव्हतं. कारकुनाने दोघींचं म्हणणं लिहून घेतलं. शिवदासाने शेवंतीचं मनगट धरून त्याखाली अंगठा उठवला. निकाल मागाहून कळेल, असं सांगून कारकून निघाला.

"बरां," एवढंच म्हणून कुसुमबायही गेली.

शिवदास कारकुनाला पोचवायला गेल्यावर शेवंतीने भर दुपारी दाराला अडसर घातला, आणि भाटकाराकडून जाब विचारायला कुणी येतंय का, ते कान देऊन ऐकत आत बसली.