शाल, श्रीफळ आणि सुंता

मी बायकांची डॉक्टर. चाळीसगावकडच्या एका शाळेत मुलींच्या सुंतेवर, म्हणजे लहानपणीच त्यांचं गुप्तांग कापण्याच्या प्रथेवर, बोलायला गेले, तर मुख्याध्यापकांनी फळ्यावर विषय लिहिला होता ‘स्वच्छता’! मग स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि त्यांचंच लांबलचक भाषण. एप्रिलच्या उकाड्यात शाल पांघरून मी नुसती उकडून निघाले. माझी पाळी आली आणि घंटा झाली.

“अहो, सुंतेचं राहिलंच की!” मी भडकले.

“राहू द्या हो ताई. आपल्या खान्देशात असलं काही नसतं.”

“मुलींना विचारलंत?”

“छे! असलं मुलींना विचारतात का?” म्हणत ते चहा सांगायला गेले.

माझा नारळ धरून शेजारी उभी असलेली सातवीतली मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, सुंता सगळ्याच मुलींची करतात ना?”