पान खाणारा प्रेक्षक

इंग्रजी अमदानीत कुंभकोणमच्या तंबूत आम्ही नवराबायकोनं मुखवटेवाल्या वीराचा बोलपट पाहिला. बाहेर लोकांचा वाद जुंपला होता.

"धावत्या आगगाडीवर उडी? शुद्ध थाप!" एक जण म्हणाला.

"त्याला छातीत दम असावा लागतो!" मी ठासून सांगितलं.

पानाला हलक्या बोटानं चुना लावत उभा असलेला एक अनोळखी माणूस तमिळमध्ये सावकाश म्हणाला, "त्याला मुखवटा तरी होता. बोलपटातल्या त्या पोरीनं उघड्या चेहऱ्यानं दरोडेखोराला 'नाही' म्हटलं."

"अगदी खरं, अण्णा!" माझी बायको एकदम म्हणाली. परक्यांसमोर ती कधी बोलत नसे. तिचा उजळलेला चेहरा पाहून मी आतून जळलो. तो नुसता हसला, पान तोंडात घालून निघून गेला.

वाटेत मी विचारलं, "माझं म्हणणं कसं वाटलं?"

"तुम्ही काही म्हणालात?" तिनं विचारलं.