पासिंगची फळी

लोक म्हणतात, दाजींचा पाय नशिबानं गेला. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नशिबानं नाही. तो एका फळीपायी गेला, आणि ती फळी मी केली होती.

वडीगोद्रीला रस्त्यालगत माझं पेंटिंगचं दुकान होतं. मागं रेडियमची चमकती पट्टी असल्याशिवाय ट्रक पास व्हायचा नाही, असा नियम आला. मालक कुरकुरायला लागले. "वाळू ओतली की मागच्या फाळक्यावरची पट्टी घासून जाती, दर बारीला कोण लावणार?" मग मीच अक्कल चालवली. लांब फळीवर एक नंबर रेडियम चिकटवलं, दोन्ही टोकांना तार. पासिंगच्या दिवशी ट्रकच्या मागं बांधायची, जालन्याला आरटीओत जाऊन यायचं, फळी परत माझ्या भिंतीला. आसपासच्या गावांतले ट्रक त्या एका फळीवर पास झाले. तपासणाऱ्या साहेबाला दिसत नव्हतं? तीच फळी, तेच ओरखडे! भर उन्हात पट्टीवर बोट फिरवायचा आणि सही ठोकायचा. लोक मला हुशार म्हणायचे, आणि मला गोड वाटायचं. त्या गोड वाटण्याची आजही चीड येते.

अक्का गावातच दिलेली. दाजी आधी दुसऱ्याचा ट्रक चालवायचे, मग शेतीत पडले. एकदा दिवेलागणीला ते मोटारसायकलवर बाजारातून परत येत होते. बिघडलेला वाळूचा ट्रक रस्त्यातच उभा, मागं नुसता काळोख. दाजी सरळ फाळक्यावर आदळले. एक पाय गेला, दुसरा वाकेना. त्या ट्रकला त्याच महिन्यात मी माझ्या हातानं फळी बांधून दिली होती. दवाखान्यात सगळ्यांबरोबर मीही ड्रायव्हरला शिव्या घातल्या. घरी येऊन फळी फोडली, बंबात घातली आणि वर्षानुवर्षं गप्प राहिलो.

यंदा दिवाळीत दाजींच्या ओट्यावर बसून सगळं सांगून टाकलं. दाजी हसलेच.

"पाव्हणं, लई मोठी बातमी सांगून राह्यले! मी ट्रकवर होतो तवा मी बी नेल्ती की तुमची फळी. वरून तुमाला चहा पाजला होता."

"दाजी, हसू नका."

"मंग काय रडू? रडून पाय फुटतो का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"झालं का दोघांचं? एकानं फळी केली, एकानं बांधली. अन् उचलून राह्यले मी! न्हाणीत मी, संडासला मी. ह्या कंबरेला इचारा तुमची हुशारी!"

"अक्का, चुकलं माझं."

"ते मला नको सांगू. सकाळी ये. ह्यांना न्हाणीपातुर तू न्यायचं. रोज."

मी रोज जातो. दाजी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकतात आणि वर चेष्टा करतात. एवढा भार अक्का एकटी कशी पेलत होती, हे विचारायचं तोंड मला नाही. ती माझ्याशी बोलत नाही. मी आलो की न्हाणीत गरम पाण्याची बादली ठेवते आणि निघून जाते.