तांबड्या खुणेच्या अलीकडे

आमच्या यांना एखादं यंत्र आतून कसं आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नसे. म्हणून मागच्या खोलीत त्यांनी आपली उपकरणं आपणच बांधली होती. जुन्या रेडिओच्या सुट्या भागांचा काट्याचा मीटर, तांब्याच्या नळीचा अँटेना, आणि ठरावीक जोराच्या लहरी सोडणारी पत्र्याची डबी. भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, कारखान्यात दवाखान्यांसाठी सलाइनचे पंप बनत. पंपातून निघणाऱ्या लहरी शेजारच्या यंत्राच्या कामात लुडबूड करतात का, हे आधी इथे तपासायचं आणि मगच पंप मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

"यंत्र सासूसारखं नको," हे म्हणत. "आपलं काम करावं, दुसऱ्याच्या कानाशी लागू नये."

बाहेरच्या खोलीतून सासूबाई मुद्दाम खोकत.

अधूनमधून मीटरची जुळवणी असे. डबी टेबलावर ठेवून चालू करायची. काटा तांबड्या खुणेवर आला की मीटर खरं बोलतोय. त्या वेळी मला विणकाम घेऊन वेताच्या खुर्चीत बसवत.

"हलू नकोस गं. तू हललीस की काटाही हलतो."

"मग बाहेर जाते की!"

"मोकळ्या खोलीत माझं काम होत नाही."

हे गेल्यावर त्या खोलीत भाऊजी एकटेच काम करू लागले. मी तिकडे जाणं टाळत असे. काटा खुणेच्या अलीकडेच अडकायला लागला. भाऊजींनी डबी मोठ्या प्रयोगशाळेतून मापून आणली, तर ती होती तशीच होती. परवा ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, दादाच्या मीटरने मान टाकली. मोडीत काढू का? खोलीही मोकळी होईल."

मी विणकाम उचललं आणि जाऊन वेताच्या खुर्चीत बसले.

"आता लावा."

काटा चढला, पण खुणेला टेकला नाही.

"अहो, माणसाच्या अंगामुळे लहरी वळतात," भाऊजींना हसू आलं. "दादाने तुम्हाला धरूनच जुळवणी केलीय! तरी थोडं कमी पडतंय."

"तुम्ही आधी स्टुलावरून उठा. हे कधी बसून काम करत नसत. खिडकीच्या बाजूला उभे राहा. डावा हात कमरेवर."

भाऊजी चेष्टेने तसे उभे राहिले. काटा तांबड्या खुणेवर येऊन थांबला.

भावाभावांची उंची सारखीच, खांद्यांची ठेवणही तीच. मला फक्त पाठ दिसत होती.

"मीटर ठणठणीत आहे," भाऊजी मागे न बघता म्हणाले. "मोडायला नको. पण वहिनी, जुळवणी मोकळ्या खोलीतच करायला हवी. दादालाही ते ठाऊक होतं. ही खूण पुसून नवी काढावी लागेल."

हे पंप कोणा आजारी माणसाच्या उशाशी लागणार. नाही कसं म्हणणार?

"काढा," मी म्हटलं. "मी उठते. एवढी ओळ विणून होईपर्यंत मात्र असेच उभे राहा. वळू नका."

ती ओळ मी जमेल तितकी सावकाश विणली.